बर्फाच्या फॅक्टरीची भिंत

दाभोळच्या धक्क्यावर, बर्फाच्या फॅक्टरीच्या
पांढऱ्या भिंतीवर मैमुनाने तिचा पिक्चर लावला.
भिंतीला आतून पाझर,
म्हणून कुवेतचं वाळवंट मधूनमधून ओलं दिसत होतं.

हा तिसरा. तिन्हींत अब्बाच.
पहिल्यात ते बसऱ्याच्या रस्त्यावर बसची वाट पाहतात,
दुसऱ्यात अम्मानजवळच्या तंबूत
एका खुबूसचे सात वाटे करतात.
या वेळी घरापर्यंत आलेत,
फक्त कडी वाजवत नाहीत.

अब्बा झालाय हसनमियाँ सोलकर,
एरवी फेरीबोटीची तिकिटं फाडणारा.
ओटीवर बसून किल्ली न्याहाळतो
साल्मियातल्या लुटलेल्या दुकानाची,
अकरा मिनिटं.
पोरं शिट्या मारून थकली.
टोपल्या पालथ्या घालून बसलेल्या कोळणी गप्प.

अम्मी पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू.
मोठ्याने म्हणाली, "असं नाय.
तो आला तवा पायांत दोन तऱ्हेचे जोडे होते.
आधी हसला,
मग बांगडा केवढ्याला, विचारलंन."
मैमुनाने अंधारातच तळहातावर लिहून घेतलं.
म्हणजे चौथा येणार.

पिक्चरमधली किल्ली खोटी आहे.
खरी माझ्या होडीत, इंजिनाच्या पेटीला अडकवलेली.
कुठल्याच कुलपाला लागत नाही.
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

शेवटी अब्बा खाटेवर, पाण्याचा चमचा ओठांशी,
इतक्यात धोपाव्याच्या शेवटच्या फेरीचा भोंगा झाला
आणि हसनमियाँ
स्वतःचं मरण अर्ध्यावर टाकून
तिकिटाचं पुस्तक शोधत धावला.