रेवदंड्याची साडेचारची एसटी

कंडक्टरनं दोनदा विचारलं. मी चढले नाही.

आले होते फुटलेल्या होडीचे फोटो काढायला, विम्यासाठी.
तटाच्या भगदाडातून उगाच आत शिरले
तर वाळत घातलेल्या सुपाऱ्या,
छप्पर उडालेल्या चर्चची कमान,
आणि तिच्या सावलीत जाळं सांधणारे दामाजी नाखवा.
“किती जुनं हे?”
“आमच्या आधीचं,” म्हणाले,
आणि दोरा दातानं तोडला.

चाळिशीत माणसावर जीव जडला तर लपवता तरी येतो.
गावाचं काय करायचं?
चपलेतली वाळूच चुगली करणार.

खाडीवरून सुक्या बोंबलांचा वास आला,
मी नाक दाबलं नाही.

खानावळवाल्या बाईंनी वहीत आल्याची तारीख लिहिली,
जाण्याची विचारली.
मी म्हटलं, आधी जेवायला वाढा.