नखाच्या टोकावर मावेल तेवढं

सत्त्याण्णव अंश.
चित्र अडखळतं, पंखे किंचाळतात,
कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट टेकवत नाही.
चोवीस हप्त्यांचा लॅपटॉप,
शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात फिटला
आणि आता याला ताप.

लॅमिंग्टन रोडवरचा रिझवान म्हणाला,
अठराशे होतील, दोन दिवस ठेवून जा.
मी नुसती पेस्टची नळी घेतली, साडेचारशेची.
घरी बाबांनी ती उजेडात धरली, उलटसुलट पाहिली.
'एवढीशी? चुना लावला तुला.'

रविवार दुपार, शिवडी.
ताटं उचलल्यावर फरशीवर जुनी चादर.
आधी खिडकीच्या गजाला हात लावते,
अंगातली वीज उतरून जावी म्हणून.
'कुणाच्या पाया पडतेस?' आई आतून.

अकरा स्क्रू.
बाबांची गोळ्यांची डबी रविवारी रिकामीच असते:
सोमवारात लांब, मंगळवारात आखूड,
बुधवारात तो एक,
कुठल्याच मापात न बसणारा.

बँकेचं जुनं कार्ड फटीत सरकवून
झाकण उचललं तर पंख्यामागे राखाडी बोळा.
गोधडीचा कापूस, उदबत्तीची राख,
बंदराकडून येते ती काळी धूळ,
माझे केस.
आई म्हणाली, तरी सांगत होते, कपाटाखालून झाडू फिरव.

मग तांब्याच्या नळ्या दिसल्या,
चपट्या, शेजारी शेजारी,
आणि बाबा गुडघे वाजवत खाली बसले.
एकतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात,
भाऊच्या धक्क्याजवळ,
ट्रॉलरना लाद्या पुरवल्या त्यांनी.
या घरातल्या माझ्या कुठल्याच वस्तूला
त्यांनी आजवर ओळख दाखवली नव्हती.
'हा कंडेन्सर,' म्हणाले.
जवळपास बरोबर होतं. मी हो म्हणाले.

जुनी पेस्ट वाळून पोपडे धरलेली.
कापसावर स्पिरिट घेऊन पुसत राहिले.
त्यांनी बाटली हुंगली.
'अमोनिया नाही,' थोडे हिरमुसून.

चिप निघाली आरशासारखी,
तिच्यात ट्यूबलाइट, उलटी.
'एवढी गुळगुळीत आहे, मग लेप कशाला?'
दिसते गुळगुळीत, बाबा. वरची तांब्याची पट्टीही तशीच.
दोन्ही एकमेकींना इथे तिथेच टेकतात,
मध्ये हवा राहते, आणि हवा उष्णता पुढे देत नाही.
'मग हवा काढायची.'
हवा काढायची.

किती लावायची, यावर मी अकरा व्हिडिओ पाहिले होते.
कुणी म्हणे तांदळाचा दाणा, कुणी वाटाणा,
कुणी फुलीच मारून दाखवी.
बाबांनी डावा तळवा पुढे केला,
जिथे वर्षानुवर्षं तंबाखू मळली,
आणि उजव्या अंगठ्याचं नख दाखवलं.
'यावर मावेल तेवढं. जास्त झालं की तोंड भाजतं.'
मी नळी दाबली.
'बास.'

पट्टी बसवली. अर्धा फेरा इथे,
अर्धा तिरप्या कोपऱ्यात,
पुन्हा इथे. हे त्यांना सांगावं लागलं नाही.

बटण दाबलं आणि पडदा काळा.
काळाच.
कुणी काही बोललं नाही.
आई पदराला हात पुसत दारात येऊन थांबली.
मग लाल दिवा, कंपनीचं चिन्ह,
आणि माझा इतका वेळ धरलेला श्वास.

अर्धा तास सगळ्यात अवघड शर्यत लावून ठेवली.
ब्याऐंशी.
ब्याऐंशी, बाबा!
त्यांनी बाजूच्या जाळीपाशी हात नेला,
ती बोटं आता पूर्ण मिटत नाहीत.
'हे तर आधीपेक्षा गरम लागतंय.'
तेच तर. आतलं बाहेर यायला लागलंय.

हात त्यांनी काढला नाही.

'कारखान्याच्या मागच्या भिंतीला असंच.
आत लाद्या, आणि मागची गल्ली तापलेली.
डिसेंबरात धक्क्यावरची सगळी कुत्री
तिथे येऊन झोपायची.'
मग बऱ्याच वेळानं,
'आम्हीपण. रात्रपाळीला, सुपरवायझर नसला की.'

रात्री आठवड्याच्या गोळ्या भरायला डबी उघडली,
तर बुधवारात तो स्क्रू.
मी पेचकस शोधायला उठले.
'राहू दे,' म्हणाले, 'चालतंय ना?'
आणि बुधवारची गोळी त्याच्या शेजारी ठेवली.