अंडी मिळतील

आधी कागद फिरव, हेल्यू.
सरळ ठेवलेला कागद हा उजव्यांचा हट्ट असतो.
वरची कड उजवीकडे कलू दे, अजून, अजून थोडी,
शेजारच्याला वाटलं पाहिजे की टेबलावरून घसरतोय.
आता मनगट ओळीच्या खाली.
वरून आकडा घालून लिहू नकोस,
तसं लिहून आपण सगळेच
करंगळीखालचा तळवा निळा करून घरी गेलोय.

दिवा उजवीकडे आण.
फेब्रुवारीत विल्यांदीला चारनंतर उजेड शोधावा लागतो,
तळ्यावरचा बर्फ राखाडी होतो खिडकीत,
आणि दिवा डावीकडे असला की
आपल्याच हाताची सावली आपल्याच अक्षरावर.

तू विचारतेस, हे मला कुणी शिकवलं.
कुणी नाही.
दूधकारखान्याच्या पाट्या रंगवत होते तीस वर्षं,
ओल्या रंगात कोपर बुडवत बुडवत शिकले.

तुझं उजव्या हाताचं अक्षर पाहिलं मी नावनोंदणीच्या वहीत.
घोटीव. एकाही कान्याकोपऱ्याला तक्रार नाही.
मग इथे कशाला आलीस, म्हटलं,
तर तू डावा हात टेबलावर ठेवलास,
पिशवीतून काहीतरी काढून ठेवावं तसा.

पहिलीत आलेइडेबाईंनी तो बाकाला बांधला होता,
लोकरी मफलरीनं, दुखू नये म्हणून.
बाई वाईट नव्हत्या, तू म्हणालीस. दोनदा म्हणालीस.
तेव्हापासून त्यानं कोंबड्या धरल्या, बटाटे सोलले,
नवऱ्याच्या तापलेल्या कपाळावर तोच गेला आधी,
फक्त लेखणीपाशी त्याला डावललं.
(काय शब्द आहे!)
म्हणजे तुझा उजवा हात एकाहत्तर वर्षांचा
आणि डावा अजून सातच.
सात वर्षांच्या मुलाशी बोलतात तसं बोल त्याच्याशी.

रेघ ढकलू नकोस. ओढ.
ढकललेलं टोक कागदात रुततं नि शाई थुंकतं.
आडवी रेघ उजवीकडून डावीकडे घे,
कोण बघतंय तू कुठून निघालीस ते?
तळव्याखाली कोरा कागद.
शाई वाळेपर्यंत हात उचलून गप्प बस;
हे सगळ्यात अवघड, मला आजही जमत नाही.

चौथ्या मंगळवारी तू फळी घेऊन आलीस.
जुन्या गोठ्याच्या दाराची, एका बाजूला खिळ्याचं भोक.
काय लिहायचं? तर: मुनाद.
अंडी. बस.
मी वाटलं होतं एखादं वचन, एखादं नाव असेल,
निदान नातवंडाचं.
"रस्त्यावरून गाड्या जातात," तू म्हणालीस,
"आणि माझ्याकडे अठरा कोंबड्या आहेत."

मग पेन्सिलीनं शेवटच्या अक्षरापासून मागे आलो,
म्हणजे फळी संपली नि अक्षर उरलं असं होत नाही.
एम्म खांबांसारखं. ऊ सोपं, तू हसलीस.
एन्नची तिरकी रेघ थरथरली, राहू दे म्हटलं.
आ.
डेचं पोट मात्र एका दमात निघत नाही आपल्याला:
वरून अर्धं, ब्रश उचल,
खालचं उजवीकडून येऊन खांबाला टेकव.
तू टेकवलंस.
आणि बघायला वाकलीस, नि बाही लागली.

पिवळा फराटा, थेट फळीच्या कडेपर्यंत.
टर्पेन्टाइनची चिंधी मी पुढे केली.
तू घेतली नाहीस.
बराच वेळ बाही बघत राहिलीस,
सात वर्षांची मुलं बघतात तशी,
आता कोण रागावणार याची वाट बघत.

कुणीच रागावलं नाही.

एप्रिलमध्ये मी तुमच्या वळणावर गाडी थांबवली.
फाटकावर पाटी, फराट्यासकट.
दहा अंडी घेतली, एकावर पीस चिकटलेलं.
पावती लागत नव्हती, तरी तू लिहिलीस.
सवयीनं, उजव्या हातानं,
घोटीव अक्षरात,
आणि सुटे पैसे डाव्यानं दिलेस.
करंगळीखाली पिवळं अजून होतं.