उण्याचा हिशेब

महिन्याच्या पहिल्या बुधवारी मी केबल सोडते जमिनीत.
शाळेमागे, झोपाळ्यापासून वीस पावलांवर
लोखंडी झाकण आहे,
त्यावर कुण्या पोराने खडूने काढलेला घोडा.
दहा मीटर खोल भोक, दर मीटरला एक मणी,
मण्यात तापमापक.
मग थांबायचं. जमिनीला घाई चालत नाही.
न्युर्गुन तेवढ्यात एक सिगारेट संपवतो
आणि थोटूक खिशात टाकतो, माझ्या धाकाने.

आठव्या मीटरला उणे शून्य दशांश आठ.
मी नोकरीला लागले तेव्हा होतं उणे तीन.
वहीत लिहिते, याकुत्स्कला पाठवते.
पुढे कुणाच्या पडद्यावर ती रेघ किती चढते, ठाऊक नाही.
एकदा एका परिषदेच्या पत्रिकेत भेटली होती,
खाली बारीक अक्षरांत आमच्या गावाचं नाव,
चुकीचं छापलेलं.

न्युर्गुन म्हणतो, मोजल्याने ताप उतरत नाही.
मी म्हणते, मोजला नाही तर
तापच नाही म्हणणारे टपून बसलेत.
मग दोघंही गप्प, केबल गुंडाळत.

आमचं बुलूस पणजोबांनी खणलं.
गोठलेल्या मातीला पहार लागत नाही:
रात्रभर जाळ करायचा,
सकाळी वीतभर मऊ झालेली माती उपसायची,
पुन्हा जाळ.
गारठ्याचं तळघर, आणि खणलं ते आगीने.
आत घोड्याचं मांस, तळ्यातले कारासी मासे,
नोव्हेंबरात करवतीने कापलेल्या बर्फाच्या लाद्या.
उन्हाळाभर त्यांचाच चहा.
उण्यावर जगणारी माणसं आम्ही,
म्हणून घरात काही उणं पडलं नाही.

मागच्या ऑगस्टात आई शिडीवरून वर आली
नाकाशी बाही धरून.
"मासा बोलायला लागलाय," एवढंच म्हणाली.
मणी नाही, केबल नाही.
मी खाली उतरले.
भिंतीवरची हिमाची फुलं गळून गेली होती
आणि तळाशी घोट्याएवढं पाणी.
पाणी कुठे मुरतंय, असा संशयही घेता येईना.
ते मुरत नव्हतं, हीच तर भीती.

डिसेंबरात अम्गा गोठली, नदीचा रस्ता झाला,
त्या रस्त्याने ट्रकमधून डीप फ्रीझर आला.
उणे पन्नासात फ्रीझर!
दुकानदार गाव्रील आधी हसला,
मग पावती फाडताना म्हणाला, "यंदाचा अकरावा."

आता गावाच्या टोकाला डिझेलचं जनित्र धडधडतं,
स्वयंपाकघरात फ्रीझर घुमतो,
त्याच्या पाठीच्या उबेला मांजर झोपतं.
आई त्याला "पाहुणा" म्हणते.
पाहुणा खातो खूप, आणि उठायचं नाव काढत नाही.

मार्चमध्ये त्याचं झाकण आपोआप उघडू लागलं.
फ्रीझर ठीक होता. जमीन कलत होती.
आईने लार्चच्या लाकडाची पाचर सारली खाली,
मे महिन्यात दुसरी, जुलैत तिसरी.
काल वाकून पाहिलं तर प्रत्येक पाचरीवर
पेन्सिलने तारीख.
माझी आई, जिला रेघ कळत नाही
असं मी इतकी वर्षं धरून चालले.

या बुधवारी मी वहीत एक रकाना वाढवला.
पाचरी, पाच.
याकुत्स्कहून तासाभरात उत्तर आलं:
नोंद अपूर्ण. एकक कळवा.

आईला विचारलं.
तिने पीठ झटकलं, फ्रीझरशी गुडघे टेकले,
पाचरींना हात लावून पाहिला,
मांजराला जरा बाजूला सारलं.
"लिही," म्हणाली,
"चार बोटं.
माझी. तुझी नाहीत."