पोटात ठेवू नये

ओझरला संध्याकाळच्या दिल्लीच्या आधी
पडद्यावर बॅगा सरकत येतात.
कपडे, फराळ नारिंगी दिसतो,
धातू निळा.
मी निळ्याकडे बघते. त्याचाच पगार.

चिवड्याच्या पिशवीखाली
सहा कांड्या, शेजारी शेजारी,
आणि एकीची कड जराशी गोल.
बॅग थांबवली. माणूस बोलावला.
दामोदर निमसे, वय बहात्तर, पहिलंच विमान.

"नातीचा आहे. तिकडे दुरुस्त करणार म्हणते."
टेबलावर ठेवला तर लॅपटॉप
भोवऱ्यासारखा फिरला,
पोट सुटलं होतं ना त्याचं.
झाकणावर मांजराचं स्टिकर, एक कान गेलेला.

मी सांगितलं, काका, हा खाली सामानात जात नाही.
"मग मांडीवर घेतो."
चांगला असता तर मांडीवरच घ्या म्हटलं असतं,
नियमच तसा आहे: जे पेटू शकतं
ते डोळ्यांसमोर असावं.
पण हा फुगलाय. हा वरही नाही, खालीही नाही.

वाटलं, आता भांडतील.
त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.
"एकतीस वर्षं एचएएलमध्ये होतो, पोरी.
विमानाच्या पोटात शिरून रिव्हेट मारले.
आत काळोख असतो.
तिथं काही धुमसलं तर
वरच्यांना चहा प्यायचं सुचत असतं."

प्रशिक्षणात आम्हाला दाखवलं होतं:
घडातला एक मणी नासला
की शेजारचा नासतो, तसंच,
फक्त इथे मोजायला सेकंद लागतात.
पाणी मारलं, विझलं, सगळे हसले,
आणि मग ते पुन्हा पेटलं.
विझलं म्हणून पाठ फिरवू नका, एवढं लक्षात राहिलं.

त्यांनी पुतण्याला फोन लावला, पिंपळगावला.
"येतो म्हणतोय."
मी लॅपटॉप बाहेर नेला,
लाल बादलीतल्या वाळूवर ठेवला,
मांजर वर करून.
ते काचेतून बघत राहिले,
शेवटची हाक झाली तरी.

घरी आले तर ह्यांचा मोबाईल
उशीखाली चार्जिंगला, रोजच्यासारखा.
ओढून काढला. गरम होता.
झोपेतच म्हणाले, काय झालं?
काही नाही, म्हटलं.
मग लाईट लावून बसले,
म्हटलं, उठा. बोलायचंय.

सकाळी ड्यूटीवर गेले तेव्हा
पुतण्या येऊन गेला होता.
वाळूत चौकोनी खळगा,
एका कोपऱ्यात जरा खोल.