निंघनं, उनं

गोंदूरच्या पट्टीवरून शिकाऊ विमान सुटलं
की मी फोन लावायचो जळगावच्या पट्टीवर,
धुडकू तायडेला.
"निंघनं."
तो म्हणायचा "बरं" आणि ठेवून द्यायचा,
त्याला बकऱ्या हाकलायच्या असत.

मग बत्तीस मिनिटं.
वारा समोरून असला तर छत्तीस.
चैत्रात डांबर मऊ पडलं की
विमान डचमळत जायचं वर,
डोईवरच्या भरल्या कळशीगत.

नकाशाच्या खोलीत अंतर लिहिलं होतं:
पन्नास सागरी मैल.
सर, सागर कुठंय?
म्हणाले, हवेतही तोच मैल चालतो, हिलाल.
आमच्याकडे तर पांझरासुद्धा
आठ महिने वाळू दाखवते.

एक पोरगी सांगायची,
वरून बोरी म्हणजे टाकून दिलेलं सुतळीचं बंडल,
पारोळ्याचा किल्ला बिस्किटाएवढा,
एरंडोल आलं म्हणेस्तोवर मागे,
आणि गिरणा दिसली की पोटात गोळा.

"उनं."
एवढं बोलून फोन ठेवायचा, असा नियम.
पण धुडकू शेपूट जोडायचा.
उनं, आणि आज म्हैस व्याली.
उनं, आणि मायचा डोळा उघडला, पट्टी काढली.
मीही पुढच्या निंघनंला
काहीबाही बांधून द्यायला लागलो.
अकरा वर्षं. तोंड पाहिलं नाही.

एकदा पन्नास मिनिटं झाली.
ती पोरगी भलत्याच नदीमागे लागली होती,
तापी धरून गेली वर, आणि मग
आमच्याकडेच परत उतरली, रडत.
तेवढा वेळ आम्ही दोघांनी फोन कापला नाही.
बोललोही नाही.
त्याच्याकडच्या टिटवीचा आवाज
मी इकडे ऐकत होतो.

निवृत्तीला मला शाल मिळाली, नारळ मिळाला,
आणि मागून घेतली ती वाऱ्याची जुनी बाही,
नारिंगी-पांढरी, टोकाला चिंध्या झालेली.
बायकोने तिची पिशवी शिवली.
तिच्यात कळण्याच्या भाकरी घालून
धुळे स्टँडवरून फोन केला:
"निंघनं."
"कितला येळ लागी?"
मी सवयीने वर पाहिलं.
वारा मागून होता. यष्टीला त्याचं काय.

पारोळ्याला ड्रायव्हर चहाला उतरला.
एरंडोलला एक बाई तीन कोंबड्या घेऊन चढली
आणि हाफ तिकिटावरून कंडक्टरशी भांडली.
नदी प्रत्येक वेळी पुलासकट आली,
खालून, नीट, नावाच्या पाटीसकट.
साडेतीन तास.

फाटकाशी एक बुटका माणूस.
मी त्याला उंच समजत होतो, आवाजावरून.
मागे पट्टी स्वच्छ, एकही बकरी नाही.
दहा पावलांवरून त्याने मला पाहिलं,
हाक नाही मारली,
खिशातून फोन काढून कानाला लावला.

माझा वाजत होता पिशवीत,
भाकरींच्या खाली कुठेतरी.
हाताला लागेना.