खालचा फलाट, ओस्टक्रॉइत्स

गुंडुला पाखुल्के अजून जिना शोधते.
जिना नाही. तिथं काचेची लिफ्ट आहे,
पण हे तिच्या पायांना कुणी कळवलेलं नाही.

वरून वर्तुळाची गाडी, बर्लिनला वळसा घालणारी,
खालून पूर्व-पश्चिम, सरळ;
दोन्हींना जोडणारा पूल एवढा गंजका
की लोक स्टेशनच्या नावातच गंज मिसळून हाक मारत.

फलाटांना आकडे नव्हते, अक्षरं होती.
ए होता, डी होता. बी आणि सी
एकतीस वर्षांच्या नोकरीत तिला भेटले नाहीत.

ए वाकडा. दक्षिणेच्या वळणाबरोबर वळलेला.
शेवटचा डबा दिसायचाच नाही,
ती दारांच्या आवाजावर गाडी सोडायची.
वळण उखडलं, ए गेला.
पाण्याचा बुरूज तेवढा राहिला, टोपी घालून;
ज्यांना तो पाणी पाजायचा
ती इंजिनं केव्हाच मोडीत गेली.

काल एका पोरानं विचारलं, विमानतळाची गाडी?
ती म्हणाली, जिना चढ, पुलावर डावीकडे,
सिगारेटच्या टपरीपाशी खाली उतर.

पोरगा फोनकडे बघत उजवीकडे गेला.
बरोबर गेला.

ती टपरीपाशी थांबली,
खिशातले सुटे पैसे चाचपत.